विमानाचे क्लॅम्प आणि उपग्रहाचे स्पेसर: अ‍ॅल्युमिनियम काढून प्लास्टिक घालावं का?

गोव्यात कुंडईला सीएनसी वर्कशॉप चालवणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे औषध कंपन्यांच्या पॅकिंग मशिनांना लागणारे टेफ्लॉन, डेल्रिन आणि नायलॉनचे सुटे भाग बनतात. आता दोन नव्या चौकश्या आल्यात. पहिली, प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये पॅनेलच्या मागे वायरींचे जुडगे धरणाऱ्या क्लॅम्पची. दुसरी, कॉलेजच्या मुलांच्या छोट्या उपग्रहातल्या सर्किट बोर्डांमधल्या स्पेसरची आणि एका ब्रॅकेटची. ड्रॉइंगवर सगळीकडे अ‍ॅल्युमिनियम ६०६१ आहे आणि दोन्ही गिऱ्हाइकांनी ‘वजन कमी होईल असं प्लास्टिक सुचवा’ म्हटलंय. नायलॉन किंवा डेल्रिन चालेल का, की महागडं पीकच (PEEK नावाचं मजबूत प्लास्टिक) घ्यावं लागेल? आणि आहे त्याच मशीनवर काम होईल का?

मशीनचं आधी सांगून टाकतो: होईल. डेल्रिनवर नीट टॉलरन्स (मापात चालणारा फरक) धरणारा माणूस पीकवरही धरतो, थोड्या सवयी बदलाव्या लागतात, त्या पुढे सांगतो. पण कुठलं प्लास्टिक हे ठरवण्याआधी तुमच्या गिऱ्हाइकांनी गृहीत धरलेली गोष्ट तपासायला हवी. प्लास्टिक घातलं की भाग हलका होतो, हे अर्ध्या वेळेला खोटं असतं.

हिशेब करून बघा. पीकची घनता १.३०, अ‍ॅल्युमिनियमची २.७०. म्हणजे तोच आकार, तीच जाडी ठेवली तर वजन निम्म्याहून कमी. पण अ‍ॅल्युमिनियमचा स्टिफनेस ६९ गिगापास्कल आणि साध्या पीकचा ४ च्या आसपास. वाकणाऱ्या पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. तेव्हा अ‍ॅल्युमिनियमइतकीच कमी वाकणारी पीकची पट्टी हवी असेल तर ती सुमारे २.६ पट जाड करावी लागते, आणि तिचं वजन अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीपेक्षा पाव पटीने जास्त भरतं. ३० टक्के कार्बनचे तंतू घातलेलं पीक घेतलं तरी रॉडमधून कापलेल्या मालाचा स्टिफनेस ७ ते १० गिगापास्कलच मिळतो. वजन फार तर अ‍ॅल्युमिनियमच्या बरोबरीला येतं. मोल्डिंग केलेल्या भागात तंतू एका दिशेला ओळीने लागतात म्हणून तिथले आकडे चांगले दिसतात. माहितीपत्रकांत तेच छापलेले असतात, आणि लोक रॉड कापून तसल्या ताकदीची अपेक्षा ठेवतात.

मग विमानात एवढं प्लास्टिक का असतं? कारण बऱ्याच भागांची जाडी ताकदीने ठरलेली नसते. वायरचा क्लॅम्प घ्या. त्याला स्क्रू बसायला जागा लागते, वायर कापू नये म्हणून गोल कडा लागतात, हातात धरून लावता यायला हवा. एवढं केलं की अ‍ॅल्युमिनियमचा क्लॅम्प गरजेपेक्षा कितीतरी मजबूत झालेला असतो. तिथे तोच आकार पीकमध्ये किंवा पीईआयमध्ये (बाजारात अल्टेम म्हणतात ते) केला तर वजन खरोखर निम्मं होतं. शिवाय वायरच्या इन्सुलेशनला धातूची धार लागत नाही आणि गंजाचा प्रश्न मिटतो. जिथे भाग वाकण्यावर, भार घेण्यावर ठरलाय, उदाहरणार्थ तुमचा उपग्रहातला ब्रॅकेट, तिथे प्लास्टिकने वजन वाचेलच असं नाही. म्हणून आधी गिऱ्हाइकाला विचारा: ही जाडी ताकदीसाठी आहे की आकारासाठी? बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं, जुन्या ड्रॉइंगवरून आलेली असते. तरी विचारा.

आता दोन कामं वेगळी करतो, कारण त्यांच्या अडचणी एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

केबिनचा क्लॅम्प. इथे पहिला आणि शेवटचा विषय आग. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरच्या धावपट्टीवर ब्रिटिश एअरटूर्सच्या बोइंग ७३७ ला आग लागली, ५५ माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक धुराने व विषारी वायूने गेली. विमान जमिनीवर उभं होतं. केबिनमधल्या सामानाच्या ज्वलनाचे नियम १९८० च्या दशकात कडक होत गेले त्यामागे अशा घटना आहेत. आज मोठ्या प्रवासी विमानांना लागू असलेल्या अमेरिकी नियमावलीच्या २५.८५३ कलमात उभ्या पट्टीला ६० सेकंद ज्योत लावून जळालेली लांबी ६ इंचांच्या आत आणि ज्योत काढल्यावरचं जळणं १५ सेकंदांच्या आत मागतात. काही वस्तूंना १२ सेकंदांची सौम्य चाचणी आणि ८ इंचांची मर्यादा आहे. भिंतीच्या, छताच्या मोठ्या पॅनेलांना यावर उष्णता किती बाहेर पडते आणि धूर किती होतो याच्याही मर्यादा आहेत. त्या तुमच्या क्लॅम्पला सहसा लागत नाहीत.

उलट याच नियमावलीत बटणं, मुठी, क्लिपा, ग्रोमेट असे आगीच्या फैलावाला फारसा हातभार न लावणारे छोटे भाग वगळलेले आहेत. हे वाचून ‘मग काहीही चालेल’ असं ठरवू नका. तुमचा क्लॅम्प छोटा भाग आहे की नाही हे विमान बनवणारी कंपनी किंवा तिचा मंजुरी असलेला डिझाइन विभाग ठरवतो, आपण नाही. एका पॅनेलमागे शेकडो क्लॅम्प असतील तर तो ‘छोटा भाग’ राहतो का, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. शिवाय विमान बनवणाऱ्या कंपन्यांचे स्वतःचे नियम सरकारी नियमांपेक्षा कडक असतात, विषारी वायूंच्या बाबतीत तर नक्कीच.

चाचणी पास झाली म्हणजे काम झालं असंही नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअर १११ हे विमान कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, सगळे २२९ लोक गेले. आग कॉकपिटच्या वरच्या भागात लागली आणि इन्सुलेशनच्या गाद्यांवरच्या धातूचा मुलामा दिलेल्या पॉलिएस्टर फिल्मवरून पसरली. ती फिल्म तेव्हाची १२ सेकंदांची उभी चाचणी पास झालेली होती. चाचणीत ती ज्योतीपासून आक्रसून दूर जायची आणि म्हणून सुरक्षित वाटायची. खऱ्या आगीत ती जळाली. पुढे ती फिल्म विमानांतून काढायला लावली आणि इन्सुलेशनसाठी निराळी चाचणी आली. पॅनेलमागची जागा, जिथे तुमचा क्लॅम्प बसणार, तीच ही जागा. प्रवाशाला दिसत नाही, अग्निशामक घेऊन कोणी तिथे पटकन पोहोचत नाही.

तर या कामात डेल्रिन बाद. मशीनवर त्याच्यासारखं गुणी प्लास्टिक नाही, पण ते सहज पेटतं, ज्योत जवळजवळ दिसत नाही आणि जळताना फॉर्माल्डिहाइड सुटतं. तुमच्याकडचं साधं नायलॉनही नको. ज्वालारोधक नायलॉनच्या खास जाती विमानात वापरतात, पण त्या बहुतेक मोल्डिंगसाठी दाण्यांच्या रूपात येतात, रॉडमध्ये नाही. नग हजारोंनी लागणार असतील तर साचा करून तेच स्वस्त पडेल. शे-दोनशे नगांसाठी पीईआय किंवा पीक घ्या. दोन्ही मुळातच आगीला चांगला विरोध करतात, धूर कमी करतात. पीईआय स्वस्त. मात्र त्याला काही सॉल्व्हंटांचं वावडं आहे. ताण असलेल्या जागी एमईके किंवा क्लोरीनवालं सॉल्व्हंट लागलं की बारीक तडे जातात, आणि मेंटेनन्सवाले पुसायला काय वापरतील ते आपल्या हातात नसतं. क्लॅम्प हायड्रॉलिक लाइनजवळ असेल तर सरळ पीक. विमानातलं स्कायड्रॉलसारखं फॉस्फेट एस्टर तेल पॉलिकार्बोनेट, एबीएस यांना खातं, पीकला काही करत नाही.

कार्बनभरलं पीक मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर थेट बसवू नका, आणि हे मी गोव्यातल्या माणसाला जरा जोर देऊन सांगतो. कार्बन वीज वाहतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत ‘उमदा’ आहे. दोघांच्या मध्ये खारट ओल आली की बॅटरी तयार होते आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. दाबोळीच्या पठारावर उभ्या राहणाऱ्या विमानाला समुद्राची हवा चुकत नाही. अशा जागी काच भरलेलं पीक घ्या किंवा साधं. अमेरिकी नौदलाला १९८० च्या दशकात असाच धडा वायरींच्या बाबतीत मिळाला. पॉलिइमाइड, म्हणजे कॅप्टॉन नावाच्या फिल्मचं इन्सुलेशन उष्णतेला उत्तम, वजनाला हलकं, कागदावर सगळं छान. पण दमट हवेत ते हळूहळू कमकुवत होऊन तडकायला लागलं, आणि एका तड्यातून ठिणगी पडली की कोळसा होत होत ती वायरीच्या जुडग्यावरून पुढे सरकायची.

आता उपग्रह. इथे आग हा विषयच नाही. विषय निर्वात पोकळी, तापमान आणि कंप.

तुमचं बोलणं ऐकून मला पहिली शंका आली ती स्पेसरबद्दल, आणि तिचा प्लास्टिकच्या जातीशी संबंध नाही. बोर्डांमधले अ‍ॅल्युमिनियमचे स्पेसर फक्त अंतर राखत नाहीत, ते बोर्डातली उष्णता बाहेरच्या चौकटीत पोहोचवतात. अंतराळात हवा नाही, पंखा नाही. गरम चिपची उष्णता एकतर धातूतून वाहत जाते किंवा किरणांनी निघते. अ‍ॅल्युमिनियम ६०६१ ची उष्णतावाहकता १६७ च्या आसपास आणि पीकची ०.२५ ते ०.३, म्हणजे पाचशे-सहाशे पटींचा फरक. चार ग्रॅम वाचवायला स्पेसर बदलले आणि ट्रान्समीटरचा बोर्ड भाजला, असं व्हायला वेळ लागत नाही. शिवाय तेच स्पेसर बोर्डाचं ग्राउंड चौकटीला जोडत असतील तर तो मार्गही तुटतो. मुलांना विचारा की थर्मल हिशेबात स्पेसर धरलेत का. धरले असतील तर हात लावू नका. बॅटरीचा पॅक मात्र थंड चौकटीपासून वेगळा ठेवायचा असतो, तिथे प्लास्टिकचे स्पेसर मुद्दाम घालतात. अँटेनाच्या मुळाशीही प्लास्टिकच हवं.

ब्रॅकेट करायचाच असेल तर पोकळीची चाचणी बघा. एएसटीएम ई५९५ या प्रमाणित चाचणीत नमुना १२५ अंशांवर २४ तास निर्वातात ठेवतात. एकूण वजनातली घट १ टक्क्याच्या आत आणि थंड पट्टीवर जमणारी वाफ ०.१० टक्क्याच्या आत हवी. क्यूबसॅटच्या, म्हणजे अशा छोट्या चौकोनी उपग्रहांच्या मापदंडांतही हेच आकडे आहेत. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण ती वाफ कॅमेऱ्याच्या काचेवर किंवा सोलर सेलवर जाऊन बसते. पीक, पीईआय यात सहज बसतात. नायलॉन पहिल्या आकड्यात नापास होतं, मुख्यतः त्याने पिऊन ठेवलेल्या पाण्यामुळे. चाचणीत पाण्याची वाफ वेगळी मोजून वजा करायची सोय आहे, त्यामुळे तो नापास होणं काही वेळा माफही होतं. पण नायलॉनचा खरा प्रश्न वेगळा आहे: ते माप धरत नाही. नायलॉन ६ पूर्ण भिजलं की वजनाच्या ९ ते १० टक्के पाणी पितं आणि फुगतं. जुलैत कुंडईला कापलेला भाग पावसाळ्यात डब्याबाहेर राहिलेल्या पापडासारखा असतो. तो बेंगळुरूच्या एसी खोलीत तपासायला गेला की सुकून आकसतो आणि तुमची सगळी मापं ‘चुकलेली’ निघतात. पीक पूर्ण भिजूनही अर्ध्या टक्क्याच्या आसपासच पाणी घेतं.

टेफ्लॉन तुमच्याकडे भरपूर पडून असेल. बोल्टखाली ते घालू नका. दाबाखाली ते हळूहळू सरकत राहतं, बोल्ट सैल पडतो, आणि उड्डाणाच्या कंपनात सैल बोल्ट म्हणजे संपलं. खरं तर कुठल्याही प्लास्टिकवर बोल्ट थेट आवळायचा नसतो. भोकात धातूची छोटी नळी बसवा, म्हणजे बोल्टचा दाब नळी घेते आणि प्लास्टिक फक्त जागेवर राहतं. आटे हवे असतील तर स्टेनलेसचे इन्सर्ट घाला.

तापमानाचंही बघा. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेतला उपग्रह साधारण दीड तासात एक फेरी मारतो. दिवसातून सोळाच्या आसपास वेळा ऊन-सावली. पीक दर अंशाला अ‍ॅल्युमिनियमच्या दुप्पट फुगतं, मीटरमागे ४७ मायक्रॉन विरुद्ध २३. १०० मिलिमीटरच्या ब्रॅकेटची दोन्ही टोकं अ‍ॅल्युमिनियमला पक्की केली आणि तापमान ८० अंशांनी हललं तर जवळपास ०.२ मिलिमीटरची ओढाताण होते. म्हणून एक भोक गोल, दुसरं लांबट. उघड्यावर असणारा भाग असेल तर अल्ट्राव्हायोलेट आणि अणुरूप ऑक्सिजन हे आणखी दोन शत्रू. नासाची एलडीईएफ ही प्रयोगपेटी १९८४ मध्ये सोडून १९९० मध्ये परत आणली, तेव्हा प्रवासाच्या दिशेला तोंड असलेल्या उघड्या पॉलिमर फिल्मा झिजून गेल्या होत्या. तुमचा ब्रॅकेट आत बसणार असेल तर ही चिंता नको. आणि उपग्रह सोडणाऱ्या डब्याला घासणाऱ्या चार कडा प्लास्टिकमध्ये करायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. क्यूबसॅटच्या मापदंडात त्या अ‍ॅनोडाइझ केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्याच हव्यात.

इथपर्यंत एवढं ठरलं: केबिनच्या क्लॅम्पला पीईआय किंवा साधं वा काचभरलं पीक, बोर्डांच्या स्पेसरला बहुधा अ‍ॅल्युमिनियमच, ब्रॅकेटला वजनाचा हिशेब करून मगच पीक.

कामाच्या सवयींबद्दल. पीकच्या रॉडमध्ये ताण कोंडलेला असतो. रफ कट मारून भाग ओव्हनमध्ये ठेवा: १५० अंशांवर सुकवून मग २०० पर्यंत, आणि थंड करताना तासाला १० अंशांपेक्षा घाई नको. मग फिनिश कट. हे न करता पातळ भिंतीचा भाग एका दमात काढला तर दुसऱ्या दिवशी तो पिळवटलेला सापडतो. टूल धारदार, शक्य तर नवीन कार्बाइडचं. बोथट टूलने पीक कापलं जात नाही, ढकललं जातं आणि तापतं. काच किंवा कार्बन असेल तर टूल भराभर झिजतं, भावात धरा. पीईआयला पाण्यात विरघळणारं कटिंग ऑइल लावू नका, हवेचा झोत पुरे.

मोजमाप वातानुकूलित खोलीतच. मे महिन्यात शेडमध्ये ३५ अंश असतात आणि गिऱ्हाईक २३ वर मोजतो. १०० मिलिमीटरच्या पीकमध्ये एवढ्यानेच ०.०५ मिलिमीटरचा फरक पडतो. तेवढी तर तुमची टॉलरन्स असेल. आणि अ‍ॅल्युमिनियमचे चिप्स प्लास्टिकच्या मशीनवर राहू देऊ नका, ते पृष्ठभागात रुततात. उपग्रहवाले भिंगातून बघतात.

एका बाबतीत तुम्ही इतर वर्कशॉपांच्या पुढे आहात. औषध कंपन्यांच्या ऑडिटांमुळे तुम्हाला बॅच नंबर, मालाचे दाखले आणि कोणत्या रॉडमधून कुठला नग निघाला याची नोंद ठेवायची सवय आहे. विमानाच्या कामात भागाइतकीच किंमत त्या कागदाला असते. फक्त अन्नाशी संपर्क चालतो असा एफडीए ग्रेडचा दाखला इथे उपयोगाचा नाही. रॉड बनवणाऱ्याकडून लॉट नंबरसह अनुरूपतेचा दाखला घ्या. ज्वलन चाचणीचा अहवाल त्याच जाडीचा मागा, कारण ३ मिलिमीटरला पास झालेलं प्लास्टिक १ मिलिमीटरला होईलच असं नाही. उरलेले रॉडचे तुकडे नंबर घालून वेगळे ठेवा. पीकचा आणि साध्या पॉलिमरचा मातकट रंग पटकन वेगळा ओळखू येत नाही, आणि एकदा ढिगात मिसळला की तो तुकडा विमानासाठी मेला.

मुलांनी थ्रीडी प्रिंटचं विचारलंय असंही तुम्ही लिहिलंय. अल्टेम ९०८५ नावाची जात विमानाच्या केबिनमध्ये छापील भागांसाठी बरीच चालते, तेव्हा कल्पना वेडी नाही. पण थरांवर थर चढतात त्या उभ्या दिशेला ताकद बरीच कमी असते, आणि आपल्या हवेत फिलामेंट उघडं राहिलं की त्यात पाणी शिरून प्रिंटमध्ये बुडबुडे येतात. ते सुकवणाऱ्या ओव्हनशिवाय गोव्यात जून ते सप्टेंबर छापूच नये. ब्रॅकेटचा आकार पक्का होईपर्यंत मुलांना साध्या प्लास्टिकमध्ये छापू द्या, चौकटीत बसवून बघू द्या. कंप चाचणीला जाणारा नग तुम्ही रॉडमधून कापा, आणि त्याच रॉडचा एक तुकडा चाचणीच्या नमुन्यासाठी बाजूला ठेवा.